कार्षापणापासून रुपयापर्यंत : नाण्याचा आणि माणसाचा प्रवास

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांस वंदन करून आम्ही बोलण्यास उभे राहत आहोत. कार्यकारिणीने बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. बी. ए.ला इतिहास हा विषय होता एवढेच, आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. परंतु दिवसभर ज्या वस्तूला आमचा हात लागतो त्या वस्तूविषयी दोन शब्द बोलावेत असे वाटले. ती वस्तू म्हणजे नाणे.

नाण्याचा विषय धम्माच्या व्यासपीठावर कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या शिक्षण निधीवरून जी चर्चा झाली, ती आपण विसरला नसाल. निधी मोडून विहारापुढे मोठी कमान बांधावी असे काहींचे म्हणणे, तर निधीला हात लावू नये असे काहींचे. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. आम्हाला आज जे सांगायचे आहे ते फिरून फिरून त्या निर्णयापाशीच येणार आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो.

जेतवनातली नाणी

आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा कापायचा, वजन जुळवायला कोपरे छाटायचे आणि त्यावर सूर्य, टेकडी, झाड, प्राणी अशा खुणांचे ठसे मारायचे. राजाचा मुखवटा नाही, नावही नाही. संस्कृतात त्याला कार्षापण म्हणत आणि पालीत कहापण. चांदीच्या कार्षापणाचे वजन बत्तीस गुंजा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेतीन ग्रॅम. ही नाणी बुद्धकाळाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात रुळली. त्याच काळात श्रावस्ती, राजगृह, वैशाली ही नगरे वाढली, तांडे दूरदूर जाऊ लागले आणि श्रेष्ठी, म्हणजे सावकार-व्यापारी, हा वर्ग पुढे आला.

या नव्या जगाचा बुद्ध धम्माशी किती जवळचा संबंध होता हे अनाथपिंडिकाच्या कथेवरून कळते. श्रावस्तीच्या या श्रेष्ठीला भगवंतांसाठी विहार बांधायचा होता. जेत राजकुमाराची बाग त्याच्या मनात भरली. जमीन नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे राजकुमार म्हणाला. अनाथपिंडिकाने हाच सौदा धरला, गाड्या भरून नाणी आणली आणि जमिनीवर अंथरायला सुरुवात केली. दाराजवळचा थोडा तुकडा उरला तेव्हा जेत राजकुमाराचेही मन बदलले आणि तेवढा भाग त्याने स्वतः दान दिला. मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. तो कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्या शिल्पात गाडीतून उतरवलेली आणि जमिनीवर मांडलेली नाणी चौकोनी दाखवली आहेत, अगदी उत्खननात सापडतात तशीच. शिल्पकाराने रोजच्या व्यवहारातले नाणे पाहूनच ते कोरले असले पाहिजे.

पण याच धम्मात भिक्खूने सोने-चांदी स्वीकारू नये असा कडक नियम आहे. श्रामणेराच्या दहा शीलांमधले शेवटचे शील हेच. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ठेवले आणि कहापण, अर्धा, पाव, निदान मासक तरी टाका, असे ते उपासकांना सांगू लागले. यश नावाच्या स्थविराने त्याला उघड विरोध केला. त्याला वाटा देऊ केला, तो त्याने घेतला नाही. उलट त्यालाच दोषी ठरवण्यात आले. शेवटी सातशे भिक्खूंची संगीती भरली आणि वज्जिपुत्तकांच्या दहा गोष्टी धम्मबाह्य ठरल्या. त्यातली एक ही पैसा घेण्याची होती.

मग उपासकांनी पैशाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. गृहस्थाने कष्टाने मिळवावे, मिळवलेले सांभाळावे, चांगल्यांची संगत धरावी आणि मिळकत पाहून खर्च करावा, असा उपदेश भगवंतांनी दीघजाणूला केला. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. आम्ही बँकेत लोकांना बचतीचे महत्त्व सांगतो, त्यात या उपदेशापेक्षा निराळे काहीच नसते.

त्रिरश्मीवरची ठेव

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. नाशिकची लेणी आपण सहलीला जाऊन पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तेथे काही संबंध नाही. तो त्रिरश्मी पर्वत आणि ती बौद्ध लेणी. त्यातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. त्या लेखाचा तपशील आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हाला आमच्याच काउंटरवर बसल्यासारखे वाटले.

उषवदाताने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांचे दरमहा वीस, म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चिवरासाठी द्यायची, असे लेखात आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर जुळते! हजार कार्षापणांच्या व्याजातून इतर किरकोळ गरजा भागवायच्या. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असेही लेख सांगतो. म्हणजे ठेव, व्याजदर, विनियोग, साक्ष आणि नोंद, सगळे आले. आणि हे सगळे दगडात कोरून चारचौघांना दिसेल असे ठेवले.

आमच्या भगिनींसाठी आणखी एक लेख मुद्दाम सांगतो. याच लेण्यात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीतला, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तिने रक्कम ठेवली. ती कुंभारांकडे, पाण्याची यंत्रे चालवणाऱ्यांकडे आणि तेल गाळणाऱ्यांकडे ठेवल्याचे लेखात येते. धम्मबंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या कुंभार-तेल्यांना पुढच्या समाजव्यवस्थेने पायरी दाखवली, त्यांच्या श्रेणी त्या काळात सार्वजनिक पैसा सांभाळण्याइतक्या विश्वासाच्या मानल्या जात होत्या. विणकर, कुंभार, तेली हे त्या काळचे बँकर होते.

सगळीकडेच नाणी अशी कामाला लागत होती असे नाही. नाणेघाटातला नागनिकेचा लेख पाहा. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई व हजारो कार्षापणांचे आकडे आहेत. एकाच सह्याद्रीत, एकाच नाण्याचे हे दोन उपयोग. एकीकडे दक्षिणा एकदा दिली की संपली. दुसरीकडे ठेव दर वर्षी वीस माणसांच्या अंगावर वस्त्र घालत राहिली.

पुढे राज्य बदलले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला होता. चांदी तीच, सत्ता नवी. पण त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना मात्र या नव्या राजानेही आश्रय दिला. उषवदाताकडे असलेले एक शेत त्याने भिक्खूसंघाला दान दिल्याचा लेख तेथेच आहे.

बलुते आणि रोकड

गुप्तकाळानंतर देशाच्या बऱ्याच भागांत नाण्यांचा वापर घटला, नगरे ओस पडली, दान आणि वेतन जमिनीच्या रूपाने दिले जाऊ लागले, असे रामशरण शर्मा यांच्यासारख्या इतिहासकारांनी मांडले. सर्व विद्वानांना ते मान्य नाही. पण आपल्या गावगाड्यात काय होते ते आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. तिथे कष्टाचा मोबदला नाण्यात नव्हता. बलुते होते. सुगीला खळ्यावर जाऊन उभे राहायचे आणि मालक देईल ते पदरात घ्यायचे. भाव ठरलेला नाही, वेळ ठरलेली नाही, तक्रार केली तर पुढच्या वर्षी तेही नाही. रोकड हातात असती तर माणूस गाव सोडून जाऊ शकला असता. बलुत्याने त्याला गावाच्या वेशीला बांधून ठेवले.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे वर्म ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख कर बसवून सरकारने तो वसूल करावा आणि वतनदार कामगारांना त्यातून मोबदला द्यावा, असा त्यातला एक महत्त्वाचा भाग होता. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर आपली कितीतरी माणसे रोकडीच्या मागे गाव सोडून गेली होती. कुणी पलटणीत, कुणी रेल्वेत, कुणी गोदीत, कुणी मुंबईच्या गिरण्यांत.

पण रोकड आली म्हणून विटाळ गेला असे झाले नाही. गिरणीत जास्त पगार विणाईच्या खात्यात होता. तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

आमची आजी सांगत असे. गावच्या दुकानात मीठ-तेल आणायला गेले की पायरीखाली उभे राहायचे. पैसा ओट्यावर ठेवायचा. दुकानदार त्यावर पाण्याचे शिंतोडे मारून मग उचलायचा. सुटे परत द्यायचे झाले तर वरून पदरात टाकायचा. आजी म्हणायची, "आमचा पैसा चालतुया, आमचा हात चालत न्हाई." शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने चार शब्दांत जे सांगितले, ते आम्हाला बी. ए.च्या पुस्तकांत सापडले नाही.

रुपयाचा प्रश्न

रुपया हा शब्द जुना. ठसा उमटवलेल्या नाण्याला पाणिनीच्या व्याकरणात रूप्य म्हटले आहे. सोळाव्या शतकात शेरशहा सूरने चांदीचा रुपया रूढ केला. छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच, एक तोळा वजनाचा रुपया केला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै असा तो हिशेब आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून तोंडपाठ असेल.

पण १८७३ च्या सुमारास जगात चांदीचा भाव घसरू लागला आणि त्याबरोबर रुपयाही घसरला. १८९३ साली सरकारने लोकांसाठी चांदीच्या टाकसाळी बंद केल्या. त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर राहिली नाही, सरकारच्या धोरणावर राहिली. या साऱ्या गुंत्याचा अभ्यास करून बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला आणि १९२३ साली तो 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने जी सुवर्ण विनिमय पद्धती वाखाणली होती, तिच्यातले दोष त्यांनी दाखवले. सरकारला हवे तेव्हा चलन वाढवता येते, आणि चलन वाढले की वस्तू महागतात, हा त्यांचा रोख. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्याचा फायदा होतो असे म्हणतात, पण तो फायदा येतो कुठून? महागाई आधी येते आणि मजुरी मागाहून वाढते. मधल्या काळात जे मजुराच्या ताटातून जाते तेच व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडते, असे त्यांनी दाखवून दिले. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्याच्या समाजाच्या हातातले नाणे शिंतोडे मारून घेतले जात होते, त्या महामानवाने साऱ्या देशाच्या नाण्याचे दुखणे तपासले. आपल्या उरात अभिमान दाटून यावा अशीच ही गोष्ट आहे.

त्यानंतर नाणे आणखी हलके झाले. १९४० साली रुपयातली चांदी निम्मी झाली, १९४७ साली तो निकेलचा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची नाणी बंद झाली. जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९९० साली बाबासाहेबांची प्रतिमा असलेला रुपया निघाला आणि २०१५ साली १२५ व्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचे नाणे निघाले. ते नाणे देशातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक ओट्यावर गेले. आमच्या आजीला ते पाहायला मिळाले नाही.

आज तर भाजीवालीकडेही मोबाइलने पैसे देता येतात. नाणे हाताला लागतच नाही. कुणाचा हात कुणाला लागत नाही, म्हणून जात गेली असे मात्र कुणी समजू नये. खाते उघडायला जात आड येत नाही हे खरे, पण घर भाड्याने मागताना आडनाव विचारतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे.

आपला निधी

आता शिक्षण निधीकडे वळतो. या निधीत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींचे दहा-दहा रुपये आहेत. दानपेटी उघडली की मोजायला आम्ही बसतो, म्हणून आम्हाला ठाऊक आहे. त्यात नाणी जास्त असतात, नोटा कमी. कमानीला आमचा विरोध नाही. विहार सुंदर दिसावा असे कुणाला वाटणार नाही? पण अनाथपिंडिकाने नाणी अंथरली ती भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी, आणि उषवदाताने ठेव ठेवली ती त्यांच्या वस्त्रासाठी. आपल्या निधीने आपल्या लेकरांच्या फीसाठी राहावे, एवढीच आमची विनंती. कमानीसाठी वेगळी वर्गणी काढावी. आम्ही आमचा वाटा आनंदाने देऊ.

मात्र नुसते मुद्दल न मोडणे पुरेसे नाही, हा धडा बाबासाहेबांच्या ग्रंथातून घ्यायचा. समजा एक लाखाच्या ठेवीवर शेकडा सात व्याज मिळाले आणि त्या वर्षी महागाई शेकडा पाच वाढली. हाती आले सात हजार. ते सगळे वाटून टाकले तर मुद्दल दिसायला लाखच राहील, पण पुढच्या वर्षी त्याची खरेदी पंचाण्णव हजारांच्या आसपासच होईल. दहा-पंधरा वर्षांत निधी कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अर्धा! म्हणून व्याजातले पाच हजार मुद्दलात परत घालावेत, दोन हजार वाटावेत आणि वाटप वाढवायचे असेल तर दर वर्षी नवी भर घालावी. हे सांगायला आम्हाला बरे वाटत नाही, कारण दोन हजारांत एका मुलाचीही फी होत नाही. पण खोटा दिलासा देण्यापेक्षा खरा आकडा बरा.

आणि दुसरी गोष्ट, हिशेब. उषवदाताने तो दगडावर कोरला. आपण निदान विहाराच्या फळ्यावर लिहू. जमा किती, व्याज किती, कोणत्या मुलाला किती. दहा रुपये देणाऱ्या भगिनीचे नाव आणि दहा हजार देणाऱ्या साहेबांचे नाव एकाच अक्षरात लिहू. तिच्या हाताचा तेवढा मान आपण आपल्या घरी तरी राखला पाहिजे.

पुढच्या सभेत आपण सर्वांनी यावे, विचारपूर्वक हात वर करावा.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!